शिवी देणाऱ्याचं पाणी बंद

गोंदियाच्या दिवाळी अंकवाल्या मंडळींनी निरोप धाडला, की तुम्ही तलावावर जन्म काढला आहे, तेव्हा जुन्या जलव्यवस्थेवर चार पानं लिहून द्या. मी चौथी पास माणूस. 'जलव्यवस्था' हा शब्द घरात मोठ्यानं म्हणून पाहिला, तर बायको म्हणाली, "कोन आजारी हाय?" म्हणून तो विषय मी इंजिनेर लोकांसाठी सोडून दिला. मी पाणकर होतो, आणि पाणकराला पाण्यातलं जेवढं कळतं त्याच्या दुप्पट शिव्यांतलं कळतं. मी शिव्यांवर लिहितो. संपादकांना पटलं तर छापावं, नाहीतर त्या कागदात दिवाळीचा चिवडा बांधावा.

आमचं गाव कामठ्याहून कोसभर. तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं, गाव मालगुजाराचं होतं आणि तलावही त्याचाच. धान पिकवायचं तर पाणी हवं, आणि आभाळावर विसंबून चालत नाही म्हणून आमच्या वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधून ठेवलेले. तलावाचा मातीचा लांब बांध म्हणजे पाळ. पाळीच्या पोटात दगडी बांधणीचा एक उभा हौद असतो, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. तलावाच्या बाजूनं त्याला एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडाचा डट्टा बसवलेला. डट्टा उपसला की पाणी हौदात उतरतं, तिथून पाटात जातं आणि पाटातून ज्याची बारी असेल त्याच्या बांधीत. बांधी म्हणजे धानाचं चौकोनी वावर. डट्टा कधी काढायचा, कधी बसवायचा, कोणाचा पाट फोडायचा, कोणाचा बुजवायचा, हे सगळं पाणकर बघतो. सगळे शेतकरी मिळून पाणकर नेमतात आणि खळ्यावर प्रत्येक जण त्याला थोडं धान घालतो. म्हणजे गावात जितकी घरं तितके माझे मालक, आणि त्यातल्या निम्म्यांना रोज वाटायचं, की मी उरलेल्या निम्म्यांचा नोकर आहे.

भांडणं व्हायचीच. पहिली दोन-तीन वर्षं मी मध्ये पडायचो आणि दोन्हीकडून खायचो. मग एक गोष्ट ध्यानात आली. ज्याची बाजू खरी असते तो पाण्याविषयी बोलतो. "काल माझी बारी होती, तू पाट फोडलास, माझी बांधी अर्धी राहिली," असं. समोरचा खोटा असला तर तोही सुरुवातीला पाण्याविषयीच बोलतो. ते सरलं की तो मागच्या सालात जातो. मागचं साल सरलं की तुमच्या बापापर्यंत पोचतो. आणि बाप सरला की तुमच्या नाकाडोळ्यांवर येतो, मग गाढव, माकड, डुक्कर असे प्राणी एकेक करून वादात उतरतात. तुडुमाचंही असंच असतं. पाणी भरपूर असेल तोवर भोक गुपचूप वाहतं. पाणी सरत आलं की ते गुरगुरायला लागतं आणि मग नुसता गाळ येतो. त्यामुळे दोघे भांडत आले की मी फावडा बाजूला ठेवून पाळीवर बसायचो, पान लावायचो आणि गुरगुर कोणाकडून येते ते ऐकायचो. पहिली शिवी ज्याच्या तोंडातून पडे त्याच्या बारीवर मी नीट डोळा ठेवी. बहुतेक वेळा त्याचंच चुकलेलं निघे. गावकऱ्यांना वाटायचं, मंसाराम पाणकर फार धीराचा माणूस आहे.

शिकलेला माणूसही याला अपवाद नाही, हेही सांगून ठेवतो. मालगुजाराचे दिवाणजी गोंदियात राहत, अर्धं हिंदी बोलत आणि कायदा तोंडपाठ म्हणून दाखवत. त्यांचा मुद्दा संपला की ते चष्मा काढून पुसत आणि अगदी हळू आवाजात विचारत, "आप कहाँ तक पढ़े हैं?" ही त्यांची शिवी. तिला प्राणी लागत नाहीत, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पोळ्याच्या दिवशी तलावाची पूजा असायची. मालगुजार बुढे झाले होते, फार भाविक होते. ते स्वतः नारळ घेऊन पाळीवर आले, सगळं गाव जमलं. कारू आणि बुधा हे दोघे सख्खे भाऊ, वेगळे निघालेले, बांधीला बांधी लागून. नारळ फुटायच्या आत त्यांचं पाण्यावरून जुंपलं.

"तुहा बाप पानीचोर!" कारू म्हणाला.

"माहा कायचा? तुहा बाप चोर! आनि तुह्या बापाचा बाप दरोडेखोर!"

त्यांचे वडील, सुकदेवबुवा, तिथंच पाळीवर उकिडवे बसून चिलीम ओढत होते. त्यांनी धूर सोडला आणि शांतपणे म्हणाले, "दोघंही खरं बोलून राह्यले गा. चोरत होतो मी. पन माह्या बापाचं नाव नका घेऊ, तो बिचारा चोरता चोरता धरला जाये."

गाव हसून लोटपोट झालं. मालगुजार मात्र हसले नाहीत. देवाच्या कामात बाप निघाले याचं त्यांना फार लागलं. त्यांनी नारळ हातात धरूनच हुकूम केला: आजपासून या पाळीवर जो शिवी देईल त्याची त्या खेपेची बारी गेली. पाणकरानं त्याचं पाणी बंद करावं. मग नारळ फोडला. म्हणजे हुकूम देवाच्या साक्षीनं झाला, आणि आमच्याकडे मालगुजाराचा हुकूम एखादवेळ मोडतील, फुटलेल्या नारळाचा मोडत नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. ज्या पाळीवर उभ्या जन्मात कोणी कोणाला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं तिथं लोक सोयऱ्यांसारखे बोलायला लागले. फागू नावाचा आडदांड गडी बुधाला काय म्हणाला ते मी या कानांनी ऐकलं. "बुधाभाऊ, तब्येत बरी हाय ना तुमची? मंग तुमचा फावडा माह्या पाटातून उचलाची किरपा करता का, का मी तुमाले उचलू?" काही जण तावातावानं पाळ उतरून खालच्या आंब्याच्या झाडापर्यंत जात, तिथं झाडाच्या बुंध्याला मनसोक्त शिव्या देत आणि घाम पुसत परत चढून येत, "हं, तं काय म्हनत होतो मी?" असं म्हणत. बायका घाटावर धुणं आपटता आपटता कान देऊन ऐकत आणि पदर तोंडात कोंबत.

सगळ्यांना मजा, माझी मात्र पंचाईत. शिव्या बंद झाल्या आणि खोटं कोण बोलतो ते मला कळेनासं झालं. खोटा माणूस गोड बोलायला लागला तर पाणकरानं ऐकायचं तरी काय? आणि गावातल्या हुशार लोकांना लवकरच उमगलं, की या हुकुमाचा आणखी एक उपयोग आहे. दुसऱ्याची बारी हवी असेल तर त्याच्या तोंडून शिवी काढायची.

हे सगळ्यात आधी उमगलं ते गोपाळाला. गोपाळा वाईट माणूस नव्हता. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात गडी उभा राहिला तर हसवून पोट दुखवायचा, कोणाचं घर जळालं तर बादली घेऊन पहिला धावायचा. पण बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. आणि शिवीच्या बाबतीत गावात सगळ्यात कच्चं कोण, तर भागरता. बाई सोन्यासारखी, कष्टाला वाघीण, पण तोंड उघडलं की शिवीशिवाय वाक्य पुरं होत नसे. लाडानंही शिवी, रागानंही शिवी. तिचा नवरा डोमा इतका मुका, की दिवसाकाठी चार शब्द बोलला तर लोक पाऊस येईल म्हणत. त्या घरातल्या दोघांच्या वाट्याच्या शिव्या तीच एकटी देत असे. हुकूम झाल्यापासून ती पाळीवर यायची ती ओठ घट्ट मिटून, कानशिलं लाल करून. मी एकदा विचारलं, "काय वो भागरताबाई, बरं हाय ना?" तर नुसती मान हलवली. बोलली असती तर काय बाहेर पडलं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

त्या साली हस्त कोरडा गेला. धान गर्भावर आलेलं, म्हणजे पोटात लोंबी धरलेली. या दिवसांत बांधीत पाणी नसलं तर लोंब्या बाहेर पडतात, पण पोचट. सालभराचं खाणं गेलं. तलावात मी बांबू टाकून पाहिला. गुरांना आणि मासोळीला ठेवायचं ते पाणी सोडलं तर एकाच बारीचं पाणी उरलं होतं. ही बारी भागरताची होती. तिच्या बांध्या पाटाच्या अगदी शेवटाला, तिच्यापर्यंत पाणी पोचता पोचता नेहमीच कमी पडे. त्या दिवशी मी सकाळी तुडुमाशी गेलो, तर ती आणि डोमा आधीच येऊन बसले होते. तिनं हळद-कुंकू आणलं होतं तुडुमाला वाहायला.

आणि गोपाळाही आला होता. त्याच्या मागून अर्धं गाव.

"मंसाराम भाऊ, डट्टा काढाच्या आधी माहं ऐका," तो म्हणाला. "मागच्या माह्या बारीले पाट फुटला होता. अर्धं पानी ओढ्यात गेलं. माही बारी अर्धी राह्यली हाय. आधी माही पुरी करा, मंग वयनीची."

पाट फुटला होता हे खरं. किती पाणी गेलं हे कोणी पाहिलं नव्हतं. आधी गोपाळाची बारी पुरी केली तर उरलेलं पाणी पाटातच जिरून शेवटाला भागरताला ओंजळभरही मिळालं नसतं, हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मी काही म्हणायच्या आत भागरता उठून उभी राहिली. गोपाळा हसला, दोन पावलं पुढं आला आणि मधासारख्या आवाजात सुरू झाला.

"वयनी, राग नका मानू. तुमच्या माहेरी कोदो पेरतात म्हनते. धानाले पानी कवा लागते, तुमाले कसं ठाऊक राहील?"

कोदो म्हणजे माळावरचं गरिबाचं भरड धान्य, त्याला पाणी लागत नाही. भागरतानं पदर मुठीत धरला. डोमा मागून पुटपुटला, "जाऊ दे वो."

"डोमाभाऊ बोलले काय?" गोपाळा कानाला हात लावून म्हणाला. "बोलत राहा गा मधून मधून. नाही तं लोक विचारतात, डोमा हाय का गेला?"

कोणी तरी फिसकन हसलं. भागरताचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, गेली ही, गेली हिची बारी, गेलं हिचं साल. पुढच्या बायकांनी तर डोळेच मिटले. तिनं तोंड उघडलं. "ग..." म्हणाली. त्या 'ग'च्या पुढं काय येतं ते लहान पोरापासून सगळ्यांना पाठ होतं. माझ्याही नकळत माझा हात डट्ट्याच्या दोरीवरून निघाला. ती थांबली, थुंकी गिळली, पुन्हा म्हणाली, "ग... गोपाळा भाऊजी, तुमच्या बांधीत बगळे काऊन बसले?"

सगळं गाव मागे वळलं. पाळीवरून खालची शेतं ताटात वाढल्यासारखी दिसतात. गोपाळाच्या वरच्या बांधीत, धानाच्या कडेकडेनं, पांढरेशुभ्र बगळे एका पायावर उभे होते. चांगले पाच-सहा. मधूनच एखादा चोच खाली घालून बेडूक उचलत होता.

"बगळे कोठीही बसतात!" गोपाळा म्हणाला.

"मंग माह्या बांधीत काऊन नाही बसत? माह्या बांधीत भेगा पडल्या. बसला तं त्याचा पाय फसल त्याच्यात."

लोक हसले. आता ते गोपाळाला हसत होते. भागरताला स्वतःचंच नवल वाटलं असावं. आयुष्यात पहिल्यांदा ती शिवीशिवाय भांडत होती आणि जमत होतं. तिचा आवाज चढला, "अर्धी बारी राह्यली तं बेंडूक कायच्यात पोहून राह्यले? दवात?"

मी पान लावायला बसलो. इतक्या दिवसांनी मला ती ओळखीची गुरगुर ऐकू येत होती. गोपाळा म्हणाला, पाणी नाही, चिखल आहे. मग म्हणाला, मागच्या साली डोमानं माझा पाट फोडला होता. मग डोमाच्या बापाचं काही तरी काढलं. मी मनात म्हटलं, आता प्राणी येणार. आणि आले. पण माणसाला नाही. गोपाळानं पाळीवरचं ढेकूळ उचललं, बगळ्यांच्या दिशेनं भिरकावलं आणि त्या बगळ्यांना, त्यांच्या आईला, त्यांच्या मोठ्या आईला अशी एक सणसणीत शिवी हासडली, की घाटावरचं धुणं थांबलं. ती शिवी मी इथं लिहीत नाही, कारण हा अंक सणासुदीला घरोघरी जाणार. बगळे उडाले, एक चक्कर मारली आणि परत त्याच बांधीत येऊन बसले.

एकदम गलका झाला. "देल्ली! शिवी देल्ली!"

"मी वयनीले कोठी देल्ली?" गोपाळा ओरडला. "बगळ्यायले देल्ली! बगळ्याची का बारी असते?"

प्रश्न मोठा होता. हुकुमात बगळ्यांचा विचार झालेला नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुकदेवबुवांकडे पाहिलं, कारण शिव्यांच्या हुकुमाचं मूळ त्यांच्याच घरात होतं. बुवा म्हणाले, "मालगुजारानं कोनाले द्याची ते नाही सांगतलं. पाळीवर देल्ली का नाही, एवढंच पाहा. आनि बगळ्यायनं काय वाईट केलं गा? साक्षच तं देल्ली त्यायनं." मी दोरी धरली आणि डट्टा उपसला. भागरतानं हळद-कुंकू वाहिलं.

गाव पांगलं. गोपाळा मात्र घरी गेला नाही. तुडुमाशी बसून पाणी जाताना बघत राहिला. मी त्याला पान दिलं आणि विचारलं, "वरच्या बांधीत पानी असून कायले एवढा तडफडलास?"

"वरच्या बांधीचं धान लगानातच जाते, मंसाराम भाऊ," तो म्हणाला. "आमी खातो ते ओढ्याकडच्या बांधीचं. तिचा रोवना उशिरा झाला. आता कोठी गर्भ धरला तिनं, आनि ते कोरडी ठन्न हाय."

"मंग हेच काऊन नाही सांगतलं पाळीवर?"

"सांगतलं असतं तं म्हनले असते, एका बांधीसाठी शेवटच्या बाईची बारी मांगतो. मले लाज वाटली. खरं सांगाचं नव्हतं, खोटं सरलं, मंग जे जिभेवर आलं ते बगळ्यायले बसलं." हे बोलून तो स्वतःच हसला, पण डोळे पाटाकडेच होते.

इतकी वर्षं मी शिवी देणारा खोटा एवढंच धरून चाललो होतो. तो खरं पोटात दाबून धरतो म्हणून त्याच्या तोंडी गाळ येतो, हे मला गोपाळानं शिकवलं. तरी पाणी देणं माझ्या हातात नव्हतं. बारी ज्याची, पाणी त्याचं. फक्त बारीवाला आपली बांधी भरल्यावर आपला धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडून शेजाऱ्याला देऊ शकतो, तो त्याचा हक्क. ओढ्याकडची बांधी भागरताच्या बांधीला लागूनच होती. मी पाट बघत बघत खाली गेलो. तिच्या बांधीतल्या भेगा पाण्यानं बुजत होत्या, मातीतून बुडबुडे निघत होते, आणि ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून धानाच्या पोटावरून हात फिरवत होती. मी गोपाळाचं सगळं सांगितलं. ती वळून पलीकडच्या कोरड्या बांधीकडे बघत राहिली.

तेवढ्यात डोमा बोलला. सकाळी पाळीवर तीन शब्द खर्चून झाले होते, तरी त्यानं आणखी चार एकदम खर्च केले. "आपलं भरलं. धुरा फोडू?"

भागरतानं कमरेवर हात ठेवले. नाक ओढलं. "फोडा," म्हणाली.

डोमानं फावडा मारला आणि पाणी पलीकडे घुसलं. गोपाळानं ते पाळीवरून पाहिलं आणि धुऱ्याधुऱ्यानं धावत आला. येऊन तो थेट पाण्यात उभा राहिला, हात जोडले, मंडईच्या नाटकातला राजा बोलतो तशा आवाजात सुरुवात केली, "वयनी, तुमचे हे उपकार मी जलमभर..."

"चूप रे गधड्या!" भागरता कडाडली.

इथं पाळ नव्हती. हे तिचं स्वतःचं शेत होतं. पोळ्यापासून ओठांमागं कोंडून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. गधड्या झालं, माकडतोंड्या झालं, मुडद्या झालं, हल्या झालं. कोदोवरून तिनं त्याच्या घरचा, सासरचा आणि आजोळचा उद्धार केला. डोमा जिवंत आहे का विचारणाऱ्याच्या जिभेला काय काय व्हावं ते सविस्तर सांगितलं. बगळ्यांची बाजू घेऊन वेगळं सुनावलं. तिच्या तोंडावर लाली आली होती, श्वास मोकळा झाला होता, आणि मध्येच ती हसतही होती. वाद तर तिनं सकाळीच जिंकला होता, पाणीही मिळालं होतं. मग या शिव्या कशाच्या, हे माझ्या हिशेबात कुठंच बसेना, आणि बसेना याचाच मला आनंद झाला. गोपाळा पाण्यात मान खाली घालून उभा, "होय वयनी, खरं हाय वयनी," म्हणत होता. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि खांदे हसण्यानं गदगदत होते.

बराच वेळ झाला तरी ती थांबेना. तेव्हा मला वाटलं, आता पाणकर म्हणून आपण मध्ये पडावं. मी म्हटलं, "भागरताबाई, पुरे करा वो, बाप्पा."

गोपाळानं घाईघाईनं माझा हात धरला.

"थांबवू नका तिले, मंसाराम भाऊ," तो कुजबुजला. "बांधी अजून अर्धीच भरली."